दारावरचा एकेचाळीस नंबर

आमच्या कॉम्प्युटरच्या टेबलाचा मागचा डावा पाय आखूड होता. सुतार दोनदा आला, दोनदा चहा प्यायला आणि तुमची फरशीच वाकडी आहे असं सांगून गेला. शेवटी आईनं त्या पायाखाली वीतभर लांबीची एक पत्र्याची पट्टी सरकवली आणि टेबल हलायचं थांबलं. त्याच पट्टीपायी मी बाबांची नोकरी जायची वेळ आणली. तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, राहतं क्वार्टर सरकारी होतं आणि म्हातारपणासाठी पेन्शनशिवाय आमच्यापाशी दुसरं काही नव्हतं.

दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. बाबा चेन्नईत संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात रंगाचे तपासनीस होते. लष्करी गाड्यांना द्यायचा रंग आला की तो आधी पत्र्याच्या पट्ट्यांवर मारून बघत. त्या पट्ट्यांना पॅनल म्हणत. पॅनल वाळलं की बाबा ते वाकवून बघत, ओरखडून बघत, उन्हात ठेवून बघत, आणि पसंत पडलं तर मागच्या बाजूला आपला शिक्का मारत. एक गोल आणि त्यात ४१. प्रत्येक तपासनिसाचा नंबर वेगळा. हा नंबर मिळायला बाबांना एकोणीस वर्षं लागली होती. घराला कुलूप लावायचं ते विसरत, पण संध्याकाळी शिक्का कपाटात ठेवून कुलूप लावायचं कधी विसरले नाहीत.

कारखान्यातून टाचणीसुद्धा गेटपासशिवाय बाहेर न्यायची नाही, असा नियम होता. पण काम झालेली पॅनलं भंगारात जायची आणि भंगारातून जेवणाच्या पिशवीत शिरून घरोघरी यायची. आमच्या कॉलनीत कुणाकडे ती तुळशीच्या कुंडीखाली होती, कुणाकडे न्हाणीघराच्या फुटक्या खिडकीला लावलेली होती. शेजारच्या मामी तर इडलीचं गरम भांडं उतरवून त्यावरच ठेवायच्या. याला चोरी असं कुणी म्हणत नसे. पंगतीत उरलेले लाडू पिशवीत टाकावेत तितक्या सहज ती घरी यायची, आणि आमच्याकडेही तशीच आली होती.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं कॉलेजात येऊन माझी निवड केली होती, फक्त रुजू होण्याआधीची पोलिस चौकशी बाकी होती. घरात सगळे या नोकरीच्या आनंदात, आणि माझा जीव अडकलेला गाड्या रंगवण्यात. खऱ्या नव्हेत, रेसिंगच्या एका कॉम्प्युटर गेममधल्या. त्या गेममध्ये प्रत्येक गाडीचा सपाट नकाशा मिळे. बॉनेट इथे, छप्पर तिथे, दारं दोन बाजूंना. शिंप्यानं झबल्याचं कापड कापून पसरून ठेवावं तसा. त्यात रंग भरायचा, पट्टे काढायचे, जाहिराती चिकटवायच्या. गेममध्ये घातला की गाडी तोच रंग लेवून ट्रॅकवर उभी. ती चालवण्यात मी अगदीच ढ होते, पहिल्या वळणालाच भिंतीवर जायचे. पण रंगवलेली गाडी त्या गेमच्या साइटवर टाकली की जगभरातले खेळणारे ती उतरवून घेत. साइटवर मी घेतलेलं नाव पुरुषी होतं, त्यामुळे सगळे मला 'ब्रदर' म्हणत. मीही कधी दुरुस्त केलं नाही.

सुरुवातीच्या माझ्या गाड्या आरशासारख्या चकचकीत असत. एकदा संध्याकाळी बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"ही काय शोरूममधली गाडी आहे?"

"नाही हो, रॅलीची आहे. जंगलातून, चिखलातून पळते."

"मग चिखल कुठाय?"

मला रागच आला. मी तिथल्या तिथे दारावर चिखलाचे ठिपके दिले. बाबा हसायला लागले. "अगं, गाडीला काय देवी आल्यात? चिखल चाकामागून सुरू होतो आणि मागं मागं जाताना विरळ होतो. खाली जाड, वर पातळ. बाहेर जाऊन माझी स्कूटर बघून ये."

मी पाय आपटत गेले आणि स्कूटर बघून आले. ते म्हणाले ते खरं होतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी चहा झाला की बाबा स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन माझ्या शेजारी येऊन बसायला लागले. त्यांना गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण रंग कळत होता. चरा कधी नुसता पांढरा काढायचा नाही, हे त्यांनी शिकवलं. आधी वरचा रंग जातो, मग आतला तांबूस प्रायमर दिसतो, आणि फारच खोल गेला तर पत्रा. दाराच्या कडेवरचा रंग सगळ्यात आधी उडतो, कारण धार रंग धरत नाही. लाल रंग उन्हानं लवकर उतरतो. हँडलच्या खाली धूळ जास्त चिकटते, कारण तिथे हाताचं तेल लागतं. गाडी मनासारखी झाली की ते "पास!" म्हणत आणि शिक्का मारल्यासारखी टेबलावर मूठ आपटत. आई आतून ओरडायची, "अहो, टेबल मोडेल!" एका रविवारी आम्ही दोघं स्कूटरवरून श्रीपेरुंबुदूरजवळच्या ट्रॅकवर गेलो. लोक शर्यत बघत होते आणि आम्ही बापलेक उभ्या गाड्यांपाशी उकिडवे बसून दारांच्या खालच्या कडा बघत होतो. शेवटी रखवालदारानं हाकललं. बाबांबरोबर इतकी मजा मला त्याआधी कधी आली नव्हती.

माझ्या गाड्यांना नाव मिळालं. 'ब्रदर, हा गंज हाताला लागेल असं वाटतं,' असं कुणीतरी लिहायचं आणि माझ्या डोक्यात हवा जायची. बाबांचं श्रेय मी कुठे लिहीत नव्हते. ते मागतही नव्हते.

मग मी लष्करी रंगाची रॅली गाडी करायला घेतली. हिरवा काही केल्या जमेना. एक तर पोपटी व्हायचा, नाही तर शेवाळी. चार दिवस डोकेफोड केली. पाचव्या दिवशी पेन खाली पडलं म्हणून वाकले, तर टेबलाच्या पायाखाली तोच हिरवा. मंद, बिनचमकीचा, मला हवा होता अगदी तसाच. मी पट्टी ओढून काढली, तिच्या जागी पहिल्या वर्षाचं एक पुस्तक सारलं, आणि रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक बाजारातून घेतलेल्या जुन्या स्कॅनरवर पट्टी ठेवली. पुढची बाजू घेतली. मग उलटून बघितली तर ४१.

शर्यतीच्या गाडीच्या दारावर गोलात नंबर असतोच. माझ्या मनानं एका क्षणात घेतलं: ही गाडी बाबांच्या नंबराची. दारावर मोठ्या गोलात ४१, आणि खाली कडेपाशी, स्कॅनमधून उचललेला खरा शिक्का, शेजारच्या बॅचच्या आकड्यांसकट. सगळं खरं. आठ दिवसांनी बाबांचा वाढदिवस होता, तेव्हा दाखवू म्हणून मी ती त्यांना दाखवली नाही. साइटवर मात्र टाकली. तेवढा धीर मला नव्हता.

कौतुकाचा पाऊस पडला. त्यात एका नव्या माणसानं विचारलं, 'दारावरचा शिक्का खरा आहे का? कुठून मिळाला?' शहाण्या माणसाला इथे शंका आली असती. मी फुगून लिहिलं, 'माझ्या गाडीवरचं सगळं खरं असतं. हा शिक्का खऱ्या पॅनलवरचा आहे आणि पॅनल माझ्या घरात आहे.' हे वाक्य मला आजही पाठ आहे. त्याचं पुढे काही उत्तर आलं नाही.

शनिवारी संध्याकाळी जेवताना बाबा म्हणाले, "आज गेटवर सगळ्यांच्या पिशव्या उलट्या केल्या. कुणीतरी पॅनलवरचा शिक्का इंटरनेटवर टाकलाय म्हणे."

"कुणाचा?" आईनं विचारलं.

"ते सांगत नाहीत. नव्या रंगाची चाचणी चाललीय ना, त्यातलं पॅनल आहे. त्यामुळे वरपर्यंत गेलंय."

"सापडला तर काय करतील?"

"नोकरी जाईल. पेन्शनही जाईल." एवढं बोलून त्यांनी आणखी ताकभात मागून घेतला. दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसे ते बोलत होते. मी पाणी प्यायला पेला उचलला तर दातांवर आपटला.

जेवण टाकून मी साइटवरून गाडी काढून टाकली. पण तोवर ती आणखी दोन साइटांवर गेलेली होती. एक तर मला वाचता न येणाऱ्या भाषेत होती. तिथे माझी गाडी बर्फात उभी होती आणि दारावर ४१ स्वच्छ दिसत होता. कुणाला सांगून ती काढून घेणार? तिथल्या माणसाला काय लिहिणार? मी स्क्रीनवर हात ठेवून तो नंबर झाकला. इतकी मी बावचळले होते.

रविवारी सकाळी दूध आणायला गेले आणि कॉलनीच्या कचराकुंडीपाशी थबकले. पॅनलांचा ढीग पडला होता. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सुतळीनं बांधलेली, काहींच्या मागचे शिक्के चाकूनं खरवडलेले. अख्ख्या कॉलनीनं पहाटेपर्यंत आपापली घरं साफ केली होती. येणारे-जाणारे त्या ढिगाकडे न बघता पलीकडून जात होते. मामींनी भिंतीवरून हळूच आईला विचारलं, "तुमचं टाकलंत का?" आई लगबगीनं आत आली, टेबलाखाली वाकली आणि तिच्या हाताला पुस्तक लागलं.

"पट्टी कुठे गेली गं?"

"मी टाकली," मी म्हणाले. पट्टी माझ्या कॉलेजच्या सॅकमध्ये जुन्या ओढणीत गुंडाळलेली होती. कुंडीत टाकायचा मला धीर नव्हता. त्या ढिगातलं एकेक पॅनल उलटून बघतील आणि ४१ सापडला की आमच्या दारात येतील, असंच मला वाटत होतं.

सोमवारी कॉलेज बुडवून मी ट्रेननं एन्नोरला गेले. घरापासून जितकं लांब तितकं बरं. स्टेशनपासून चालत समुद्रावर गेले. पलीकडे वीजकेंद्राची धुराडी, खाली काळपट वाळू, पालथ्या घातलेल्या होड्या. मी पट्टी काढली आणि हात मागे नेला, एवढ्यात पाठीमागून आवाज आला, "एन्न मा, एन्न पोड्र?" काय टाकतेस, म्हणून एक कोळीण विचारत होती. तिनं जवळ येऊन माझ्या हातातून पट्टी काढूनच घेतली. समुद्रात पत्रे टाकता, आमची जाळी फाटतात, म्हणून मला चांगलं फैलावर घेतलं. नको असेल तर मला दे, चुलीला आडोसा होईल, म्हणाली. बोलता बोलता तिनं पट्टी उलटी केली. ४१ उन्हात वर आला. मी झडप घालून पट्टी हिसकावली आणि वाळूतून धडपडत पळत सुटले. मागून ती काय काय म्हणत होती ते बरं झालं मला नीट कळलं नाही. परतीच्या गाडीत समोर एक रेल्वे पोलिस शेंगा खात बसला होता. तो उतरेपर्यंत मी सॅक पोटाशी धरून, पाय जुळवून, खिडकीबाहेर बघत बसले.

चार वाजता घरी आले तर दारात बाबांची स्कूटर. साडेपाचच्या आत ते कधी घरी येत नसत. आई स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होती, तिचे डोळे सुजले होते. बाबा टेबलापाशी त्यांच्या नेहमीच्या स्टुलावर बसले होते. मांडीवर घडी घातलेला कागद होता. त्यांनी तो उघडला. माझी गाडी. रंगीत छापलेली. छपाईत हिरवा पिवळट झाला होता आणि मला आधी तेच दिसलं. माणूस कसा असतो बघा.

"पत्रा कुठाय?" त्यांनी विचारलं. तू केलंस का, असं विचारलंच नाही.

मी ओढणी सोडली. बाबांनी रुमालानं पट्टीवरची वाळू पुसली, मागची बाजू बघितली आणि ती टेबलावर ठेवली. "टाकला नाहीस ते बरं केलंस. हा हजर झाला नाही तर मी तो बाहेर विकला असं धरतील."

मी रडायला लागले. उद्या तुमच्याबरोबर येते, साहेबांना सगळं सांगते, त्यांचे पाय धरते, असलं काहीबाही बोलायला लागले.

"तू कुठेही यायचं नाहीस," बाबा म्हणाले. "हे चित्र मी काढलंय, असं मी सांगितलंय."

"तुम्ही?"

"तूच कर विचार. बाहेरच्या माणसाच्या हाती माल गेला, असं ठरलं की ते प्रकरण पोलिसांकडे जातं. मग तुझं नाव पोलिसांच्या कागदावर येतं आणि सिरुसेरीची नोकरी हातची जाते. मीच आणलं, मीच काढलं म्हटलं की ते खात्यातल्या खात्यात राहतं. म्हाताऱ्याला खूळ लागलं म्हणतील."

मला आधी सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं. आपण वाचलो, हा विचार पहिला आला आणि मग बाबांच्या तोंडाकडे लक्ष गेलं. ते पार उतरलं होतं. त्यानंतर जी भीती बसली ती आधीच्यापेक्षा वाईट होती, कारण आता पकडले जाणार होते ते बाबा, आणि तेही खोटं बोलताना.

मंगळवारी सुरक्षा कार्यालयातले एक कारकून पत्र घेऊन घरी आले. ते तंजावरकडच्या मराठी घरातले. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, बोलण्याचा हेल तमिळ. एरवी ते आले की आम्हाला गंमत वाटायची, त्या दिवशी कुणी हसलं नाही. "बेस्तवारीं दहा वाजतां यावें म्हणून लिहिलें आहे," ते म्हणाले. "वाचून सही घाला. चित्र काढून दाखवावें असेंही लिहिलें आहे हो."

गुरुवारी दहा वाजता. समितीसमोर कॉम्प्युटरवर स्वतः करून दाखवायचं. बाबांनी आजवर माऊसला हात लावलेला नव्हता. ते शेजारी बसत, बोटानं दाखवत, बोलत. करायचे मीच.

आमच्याकडे दोन संध्याकाळी होत्या. रंगावरून नुसतं बोट फिरवून तो कुठे जाड, कुठे पातळ ते सांगणारा तो हात माऊसवर गेला की लाकडासारखा व्हायचा. पहिल्यांदा त्यांनी माऊस उचलून स्क्रीनसमोर धरला. वर न्यायचं म्हटल्यावर खरोखरच वर नेला. टेबलाखाली पुस्तक नीट बसत नव्हतं, त्यामुळे सगळंच डुगडुगत होतं. बाण एका जागी ठरेना.

"बाबा, किती वेळा सांगू! डावं बटण! डावं!" मी खेकसले. ज्यांची नोकरी मी घालवायला निघाले होते, त्यांच्यावर मी खेकसत होते. आई दारातून म्हणाली, "जरा दमानं घे गं." बाबांनी खिशातली छोटी डायरी काढली आणि तीत शाळकरी अक्षरात लिहून घेतलं: 'उजवे बटण दाबू नये. रंग बदलण्यास डावीकडील चौकोन. चुकल्यास घाबरू नये, मागे जाता येते.'

"हं. पुन्हा सांग," ते म्हणाले.

बुधवारी अंधार पडेपर्यंत त्यांना एक चरा काढता यायला लागला. वेडावाकडा, पण तीन रंगांचा. तेवढ्यावर आम्ही थांबलो.

गुरुवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, डायरी खिशात ठेवली, पत्रा पिशवीत घेतला. मी घरीच होते. आई तेच तांदूळ तिसऱ्यांदा निवडत बसली. क्वार्टर सोडावं लागलं तर आपण कुठे जाणार, हे ती मोठ्यानं बोलली नाही, पण मधूनच वर बघून भिंतीवरची फडताळं न्याहाळत होती. मी एक कागद घेतला आणि खरं काय ते सगळं लिहिलं. खाली सही केली. चपला घालून कॉलनीच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. बाराच्या सुमारास पुन्हा गेले, पुन्हा परत आले. बाबांचं ऐकायचं म्हणून परतले असं नव्हे. मला भीती वाटली, म्हणून परत आले. तो कागद मी फाडून टाकला.

बाबा नेहमीसारखे साडेपाचला आले. चपला काढल्या, पाणी मागितलं, पूर्ण पेला प्यायले आणि मग सांगायला लागले.

समितीत तिघे होते. त्यातला एक तरुण, कॉम्प्युटर विभागातला. साइटवर शिक्क्याबद्दल प्रश्न विचारणारा आपणच, असं त्यानं सांगितलं. त्याला तो गेम माहीत होता, गाड्या रंगवतात कशा तेही माहीत होतं. त्यानं आपला लॅपटॉप उघडून बाबांपुढे सरकवला आणि म्हणाला, दारावर एक चरा काढा.

"त्याला माऊसच नव्हता गं," बाबा म्हणाले. "मधे नुसता एक चौकोन. त्यावर बोट फिरवा म्हणाला. मी बोट ठेवलं तर बाण जाऊन कोपऱ्यात बसला. तिथून हलेना. डायरीत याचं काहीच नव्हतं."

दोन दिवस मी त्यांच्यावर ओरडून जे शिकवलं ते सगळं फुकट गेलं होतं.

"मग?"

"मग काय. घाम फुटला. तिघंही बघत होते. मी लॅपटॉप बाजूला केला आणि म्हटलं, पेन्सिल द्या."

पेन्सिल मिळाली. बाबांनी तो छापलेला कागद पुढे ओढला आणि गाडीच्या पुढच्या कडेपासून सुरुवात केली. हा रंग इथे उडालाय कारण धार रंग धरत नाही. हा चरा काट्याचा, म्हणून वर पातळ आणि शेवटी जाड. हा तांबूस रंग प्रायमरचा. ही धूळ हँडलखालीच का, हे चिखलाचे शिंतोडे मागं का विरलेत. गाडीवरचा एकेक डाग त्यांनी सांगितला. वीस-पंचवीस मिनिटं ते बोलत होते. मधे मोठ्या साहेबांनी दोन प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं दिली.

"आणि तो तरुण?"

"तो गप्प होता. शेवटी त्यानं विचारलं, घरी कोण कोण असतं? मी म्हटलं, बायको आणि मुलगी. मुलगी काय करते? म्हटलं, शिकते. तो माझ्याकडे बघत राहिला. मग लॅपटॉप मिटला आणि साहेबांना म्हणाला, सर, ज्यानं हे काढलंय त्यालाच एवढं सांगता येईल."

त्याला कळलं होतं. बाबांनाही कळलं होतं की त्याला कळलंय. तो माणूस मी कधी पाहिला नाही, पण त्याचं त्या दिवशीचं गप्प बसणं मी विसरलेले नाही.

पंधरा दिवसांनी हुकूम आला. नोकरी राहिली, पेन्शन राहिली. लेखी ताकीद मिळाली. तपासणीतून बदली होऊन उरलेली दोन वर्षं स्टोअरमध्ये. शिक्का जमा करायचा, आणि एकेचाळीस नंबर रद्द, पुढे कुणालाही द्यायचा नाही. जमा केल्याच्या दिवशी बाबांनी घरी येऊन सांगितलं, "ठेवून आलो." त्या संध्याकाळी ते चहा न घेताच झोपले.

मी गाड्या पुसून टाकल्या. सगळ्या. रंगवायचा प्रोग्रामही काढून टाकला, साइटकडे फिरकले नाही. पोलिस चौकशी नीट पार पडली, सिरुसेरीला रुजू होण्याचं पत्र आलं, आईनं साखर वाटली. स्टूल स्वयंपाकघरात परत गेलं होतं. बाबांशी माझं बोलणं जेवणाखाण्यापुरतं उरलं होतं. माझी मान वर होत नव्हती आणि ते काही विचारत नव्हते.

असे दोन महिने गेले. एका संध्याकाळी चहा झाल्यावर बाबा स्टूल घेऊन आले आणि टेबलापाशी बसले.

"गाडी दाखव."

"मी सोडलं ते."

"का?"

"भीती वाटते," मी म्हणाले. तेच खरं होतं.

त्या सगळ्या प्रकरणात ते पहिल्यांदा चिडले. "मला वाटत नव्हती? एकोणीस वर्षांनी मिळालेला नंबर देऊन आलोय मी. तो काय तू हातावर हात ठेवून बसावंस म्हणून?"

मी प्रोग्राम पुन्हा घातला. टेबल हलत होतं. बाबांनी खिशातून ती डायरी काढली, दुमडली, वाकून टेबलाच्या पायाखाली सारली आणि हातानं दाबून बघितलं. टेबल पक्कं बसलं.

मी एक साधी पांढरी गाडी घेतली. बाबा सांगत होते, मी करत होते. चाकामागे चिखल, कडेला उडालेला रंग, हँडलखाली धूळ. दारावरचा पांढरा गोल तयार झाला तशी मी थांबले.

"नंबर कुठला घालू?"

"नंबर नको," बाबा म्हणाले. "तिथे नुसती धूळ दे."

मी दिली. त्यांनी पुढे वाकून स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी बघितली. "पास," ते म्हणाले आणि त्यांची मूठ वर उचलली गेली. ती त्यांनी टेबलावर आपटली नाही. हळूच मांडीवर आणून ठेवली.